मागून आणलेली

दुसऱ्यांच्या तळांवरून माणसं सोडवून आणणं मुनिनाच्या अंगवळणी पडलं होतं. ती गुलाम बाळगणाऱ्या मालकांच्या घराण्यातली. कुठल्याही तळावर गेली की बायका उठून तिला आतल्या चटईवर बसवत, "कुणाची गं तू?" विचारत, आणि तिच्या आजोबांचं नाव कानावर पडलं की चहाचा पहिला पेला तिच्या हातात येई. असल्या पाहुणीवर कोण संशय घेणार? दोन दिवस राहायचं, लग्नंकार्यं, पाऊसपाणी, कुणाची उंटीण व्याली, सगळं ऐकून घ्यायचं. मग विहिरीवर त्या बाईला गाठायचं, जिला तंबूत कुणी नावानं हाक मारत नाही, जी सगळ्यांच्या आधी उठते आणि सगळ्यांच्या नंतर उरलेलं खाते. तिच्याशी चार शब्द बोलायचे. जिद्दू मास्तरची गाडी लांब बाभळीखाली उभी असायची. नाक्यावर शिपायानं हटकलं तर मुनिना डोक्यावरून घेतलेला मलह्फ्याचा पदर सावरून म्हणायची, "माझी माणसं आहेत." शिपाई दोर खाली टाकायचा.

जिद्दू राजधानीत, नुआकशोतला, तिच्याच शाळेत गणित शिकवायचा. त्याची आजी गुलाम म्हणून जन्मली आणि गुलाम म्हणूनच मेली. तो मुनिनाला मान द्यायचा, पण जीभ आवरायचा नाही.

"बाई, तुमचं म्हणजे आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून," तो एकदा शिक्षकांच्या खोलीत म्हणाला. आजूबाजूला कुणी नव्हतं. "सगळा मुलूख पालथा घातलात. तुमच्या आईच्या तंबूत काय आहे?"

मुनिनानं वह्या तपासायचं सोडलं नाही. आईच्या तंबूत झैदा होती. झैदा आणि ती एकाच साली जन्मल्या. झैदा पाणी आणायची, कुसकुस वळायची, आईचे पाय चेपायची. बारका नावाचा तिचा भाऊ उंट राखायचा. झैदाला आता एक मुलगी होती, साल्का. बाप कोण ते कुणी विचारत नसे. कायदा होऊन बरीच वर्षं झाली होती. गुलाम ठेवणाऱ्याला तुरुंग, असं लिहिलेलं होतं. कायदा राजधानीत होता, आई तळावर होती, आणि मुनिना त्या दोघांच्या मधोमध. झैदाला सोडवायचंच होतं; पण आधी म्हणाली, लग्न होऊ दे. मग म्हणाली, दिवस गेलेत, आता नको. मग सिदाती झाला. त्याची टाळू इतकी मऊ होती, की कुणी बोट लावलं तरी ती त्याला ओढून जवळ घ्यायची.

"पुढच्या महिन्यात जाते," ती म्हणाली.

"कशी?"

तिनं ते मनाशी ठरवून ठेवलं होतं. मुलीची पाठवणी करताना आई तंबू देते, सतरंज्या देते, भांडीकुंडी देते, आणि ऐपत असली तर हाताखालची एक बाई देते. लग्नात आईनं देऊ केलेली बाई मुनिनानं नाकारली होती. शहरात जागा लहान, असं काहीबाही सांगून. तीच राहिलेली देणगी आता मागायची. तान्हं मूल कडेवर असलं की नकार कोण देईल?

जिद्दू हसला. "म्हणजे सोडवायचं आणि वर मागून आणायचं. करा बाई. पोचली म्हणजे झालं."

*

आई तेस्लेम चामड्याच्या उशीला रेलून बसली होती. अंगानं भरलेली, हळू बोलणारी, आणि डोळे असे की शेळीच्या पोटातलं करडू सांगावं. दोन मावश्या शेजारी होत्या. सिदाती हातोहात फिरत होता आणि मुनिना बोलता बोलता एक डोळा त्याच्या मानेवर ठेवून होती. मान अजून नीट धरत नव्हता तो.

"आता आठवली होय आई?" तेस्लेम म्हणाली. "लग्नात देत होते तर नाक मुरडलंस."

"आता मूल झालंय ना."

"मूल झालं की भल्याभल्यांची अक्कल ठिकाणावर येते. शिकलेल्यांचीसुद्धा."

मावश्या खुदखुदल्या. झैदा तिथेच निखाऱ्यांपाशी बसून चहा ओतत होती, उंचावरून, फेस येईल असा.

"बरं. झैदा तुझी," तेस्लेम म्हणाली. "ऐकलं ना गं सगळ्यांनी?"

"ऐकलं," मावश्या म्हणाल्या.

झैदाची धार हलली नाही. पेला भरला, तिनं तो मुनिनासमोर ठेवला. मुनिना मनात म्हणाली, इतकं सोपं होतं तर मी इतकी वर्षं काय करत होते?

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी तंबूपाशी आली. झैदा साल्काला पाठीशी बांधून, एक गाठोडं घेऊन उभी राहिली. तेस्लेमनं कनात वर करून पाहिलं.

"पोर कुठे नेतेस?"

"आई, ती अंगावर पिते अजून," मुनिना म्हणाली.

"दीड वर्षाची झालीय. तोडायचीच होती. मी झैदा दिली. साल्का कधी दिली? ती तुझ्या धाकट्या बहिणीच्या पाठवणीला ठेवलीय."

उंटीण देताना पिल्लू वेगळं बोलून घ्यावं लागतं, हे तळावरचं शेंबडं पोरही जाणतं. बोललं नाही तर पिल्लू जुन्या मालकाकडे राहतं. लहानपणी हीच चूक करणाऱ्या एका काकाला सगळा तळ वर्षभर हसत होता. आणि ती सगळी रीत माहीत असून, त्याच रितीनं माणूस मागायला आलेली ही शहाणी, पिल्लू बोलायला विसरली. झैदाला ती माणूस समजत होती म्हणून विसरली, की झैदाच्या पाठीवर कुणी आहे हे तिनं कधी नीट पाहिलंच नव्हतं म्हणून, ते तिला तेव्हाही सांगता आलं नसतं.

तेव्हाच मागता आलं असतं. एक शब्द. पण आईचे डोळे तिच्यावर होते, सिदाती रडायला लागला होता, आणि तिला वाटलं, जास्त हट्ट केला तर आई दोघींनाही ठेवून घेईल. आधी एक तर निघू दे.

झैदानं मुनिनाकडे बघितलं. फार वेळ नाही. मग छातीवरची गाठ सोडली, साल्काला पुढे घेतलं आणि धाकट्या मावशीच्या हातात दिलं. साल्का रडली नाही. तिला वाटलं असेल, आई पाण्याला चाललीय.

*

शहरात आल्यावर मुनिनानं दार लावून घेतलं आणि झैदाचे दोन्ही हात धरून सांगितलं, "तू आता कुणाची नाहीस. मोकळी आहेस. इथे हवं तितकं राहा, नको असेल तर नको राहू. काम करायचं नाही. आणि मला लाल्ला म्हणायचं नाही. मी तुझी मालकीण नाही."

असं सांगितल्यावर बायका रडतात, कधी हसतात, एक तर जमिनीवर बसूनच राहिली होती. झैदानं सगळं ऐकून घेतलं.

"बरं, लाल्ला. मग साल्का कधी?"

"लवकर."

"लवकर म्हणजे पावसाच्या आधी?"

"आधीच. शब्द देते."

झैदाचा मलह्फा छातीपाशी ओला झाला होता. तिनं तो दुमडून घेतला आणि पाणी कुठे आहे ते विचारलं.

इकडे मुनिनाचं दूध तळावरून आल्यापासून कमी झालं होतं. धास्तीनं जातं म्हणतात. सिदाती ओढायचा, चिडायचा, पाठ ताठ करून रडायचा. तिनं मेथी खाल्ली, खिमट प्यायली, उंटिणीचं दूध ढोसलं. रोज त्याची मनगटं चाचपून बघायची. वळ्या पडायच्या जागी कातडी सुटत चालली होती. नवरा येह्दीह बंदरावर कामाला, तो म्हणायचा, "डब्याचं आण ना." डब्याचं दिलं तर सिदाती ओकून टाकायचा.

एका दुपारी ती शाळेतून आली तर घर शांत होतं. इतकं शांत की चप्पल न काढता ती आतल्या खोलीच्या दारापर्यंत धावली. भिंतीला टेकून झैदा बसली होती. सिदाती तिच्या मांडीवर, डोळे मिटलेले, गाल आत-बाहेर होत होते. घटाघट गिळल्याचा आवाज येत होता. झैदा त्याच्याकडे बघत नव्हती. समोरच्या कोऱ्या भिंतीकडे बघत होती.

मुनिना तिथूनच मागे फिरली. चप्पल हातात घेतली, अंगणात गेली आणि थोड्या वेळानं मुद्दाम कडी वाजवून परत आली.

त्या दिवशी ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग न बोलण्याचीच एक रीत पडून गेली. दुपारी ती शाळेतून जरा सावकाश यायची. सिदाती झोपलेला असायचा, ओठाच्या कडेला पांढरा थेंब. दोन आठवड्यांत त्याच्या मांड्या भरल्या, मनगटाला दोरा बांधल्यासारखी वळी आली.

"काय रे लबाडा, चांगला गुटगुटीत झालास की!" येह्दीहनं त्याला वर उडवलं. "बघ, उगाच काळजी करत होतीस."

मुनिना हसली. गुलाम बाईच्या अंगावर मालकाचं पोर, हे चित्र मोडायला ती रानोमाळ हिंडली होती. लहान लहान तंबूंत ते बघून तिचा संताप व्हायचा. आता तेच तिच्या घरात रोज दुपारी होत होतं, आणि ती कडी वाजवून आत येत होती.

आणि साल्का? ठरवलं असतं तर पहिल्याच आठवड्यात जाता आलं असतं. शाळेच्या परीक्षा होत्या. मग वाळूचं वादळ होतं. मग गाडीचा काहीतरी भाग आणायचा होता. खरीखुरी कारणं होती सगळी. पण साल्का आली की दूध वाटलं जाईल, हेही खरं होतं. हे तिनं कधी शब्दांत मनात आणलं नाही. शब्दांत आणावं लागतं थोडंच?

जिद्दू आला तो तक्रारीचं बोलायला. चटईवर बसल्या बसल्या म्हणाला, "झैदानं जबाब द्यायचा, तुम्ही साक्ष द्यायची. सगळं तयार आहे. तुमच्या घरातली मुलगी साक्षीला उभी राहिली तर नाकारणार कोण? साल्का सुटेल, झैदाचा भाऊ बारका सुटेल, तळावरचे बाकीचे सुटतील."

"माझ्या आईला तुरुंगात टाकतील, मास्तर."

"टाकतील किंवा नाही टाकणार. बहुतेक नाही. किती टाकलेत आजवर?"

"तिचं वय झालंय."

"माझ्या आजीचंही झालं होतं." तो पेला खाली ठेवून उठला, आणि उठताना आतल्या खोलीचा पडदा वाऱ्यानं सरकला. झैदा बसली होती. मांडीवर सिदाती. जिद्दूनं बघितलं. मग त्यानं मुनिनाकडे न बघता चप्पल शोधली.

"असं होय. मग तुम्हाला घाई कशाला असेल."

"मास्तर, तसं नाही..."

"मी कुठे काय म्हणालो, बाई?"

तो गेला. मुनिनाला वाटलं, त्यानं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यानंतर काही दिवसांनी झैदा कपडे वाळत घालत होती. काम करू नको म्हटलं तरी करायची. हात रिकामे राहिले की घाबरल्यासारखी दिसायची. दोरीवर कपडा टाकता टाकता ती सहज बोलावं तशी म्हणाली, "लाल्ला, कालपासून साल्काचं रडणं आठवत नाही मला. परवापर्यंत कानात होतं. आता या बाळाचंच येतं."

मुनिनानं तिच्या हातातली बादली काढून घेतली.

"उद्या निघायचं," ती म्हणाली.

*

तळ दिसायला लागला तशी जिद्दूनं गाडी बाभळीखाली लावली. दुपारची वेळ, सावली चाकाच्या आतच मावत होती. झैदा उतरून थोडी पुढे जाऊन थांबली.

"एक लक्षात ठेवा," तो म्हणाला. "भांडा, रडा, धमकी द्या, काहीही करा. पण मागू नका. झैदाचं एकदा सोंग म्हणून निभावून नेता येईल, दुसऱ्यांदा नाही. मागितलंत आणि तिनं दिलं, की ती देणगी. चारचौघींसमोरची. मग कोर्टात तुमच्या मावश्या सांगतील, लेकच घेऊन गेली की हौसेनं. तुमच्या साक्षीला कुत्रं विचारणार नाही. मुलगी सुटेल, पण बारका आणि बाकीचे कायमचे राहतील."

"आणि न मागता तिनं नाही दिली तर?"

"तर तालुक्याला जाऊन तक्रार. आजच. मी गाडी चालू ठेवतो."

"तोवर साल्काला कुठेतरी लांबच्या तळावर पाठवून दिलं तर?"

असं होतं हे दोघांनाही माहीत होतं. मूल एकदा वाळूत गेलं की शोधणारा थकतो.

विहिरीपाशी बारका उंटांना पाणी देत होता. बहिणीला बघून त्यानं दोर सोडला नाही, नुसती हनुवटी वर केली. झैदानंही तशीच केली. दोघी तंबूत शिरल्या. सिदाती मुनिनाच्या कडेवर होता, झैदा तिच्या मागे.

साल्का पखालीपाशी बसून ओल्या मातीत काडी खुपसत होती. डोकं भादरलेलं, नाकाखाली वाळलेला शेंबूड. तिनं वर बघितलं, आणि पाहुण्यांकडे मुलं बघतात तसं बघून परत काडीकडे वळली. झैदा जागच्या जागी उभी राहिली. तिचा एक हात जरासा उचलला गेला आणि तिथेच थांबला.

"या, या," तेस्लेम म्हणाली. "कुठे ते वाळलेलं काटूक आणि कुठे हा लोण्याचा गोळा! बाळसं धरलंय गं नातवानं. झैदानं हात राखला नाही म्हणायचा."

एका मावशीनं सिदातीचा गालगुच्चा घेतला. गोडसर ताक आलं. पहिला चहा झाला. दुसरा पेला हातात आला तसं मुनिनानं तोंड उघडलं.

"आई, मी साल्काला न्यायला आले. सिदाती झैदाच्या अंगावर प्यायलाय. एकदा नाही, महिनाभर. म्हणजे साल्का त्याची दूधबहीण झाली. अल्लाच्या कायद्यानं. सख्खीच की. माझ्या मुलाची बहीण तुझ्या तंबूत पाणी भरत राहील, हे बरं दिसेल का तुला?"

हे तिनं वाटेत घोकून आणलं होतं. आई पाच वेळची नमाजी. दुधाचं नातं ती नाकारू शकणार नाही असा तिचा हिशेब होता. मावश्यांनी एकमेकींकडे बघितलं. क्षणभर वाटलं, साधलं.

तेस्लेम शांतपणे म्हणाली, "तू कुणाचं प्यायलीस?"

मुनिनानं सिदातीला मांडीवर सरकवून घेतलं.

"सांग ना. मला तापानं दूध नव्हतं. झैदाच्या आईनं पाजलं तुला, बोलायला लागेपर्यंत. मग झैदा तुझी कोण? इतकी वर्षं तू सुट्टीत यायचीस, ती तुझे पाय धुवायची. कधी म्हणालीस का गं, ताई, बस माझ्या शेजारी?" तिनं मान वळवली. "झैदा, म्हणाली का कधी?"

"नाही, लाल्ला," झैदा म्हणाली.

धाकटी मावशी फिस्सकन हसली आणि पदरात तोंड लपवलं.

आईचं बोलणं खोटं असतं तर मुनिनाला उत्तर सुचलं असतं. हे दूध तिला माहीत होतं, लहानपणापासून. माहीत असूनही त्याचं कधी नातं झालं नव्हतं. आणि आज अडलं तेव्हा ती तेच नातं खिशातून काढून दाखवत होती.

तेस्लेमनं मावश्यांना इशारा केला, तशा त्या जरा मागे सरल्या; पण ऐकू येईल इतक्याच. तिचा आवाज मऊ झाला.

"मला काय कळत नाही? तळातळांवरून बायका नाहीशा होतात आणि आदल्या दिवशी तिथे एक शिकलेली पाहुणी जेवून गेलेली असते. मी तुझी आई आहे. झैदा दिली ती जाणूनच दिली. म्हटलं, लेकीचं मन राहू दे. पण लेकीनं उद्या माझ्या दारात शिपाई आणू नयेत, म्हणून पोर ठेवली."

"आई..."

"साल्का हवी? ने. आत्ता ने. पण माग. लेकी मागतात तशी, सगळ्यांसमोर."

मुनिनानं बाहेर बघितलं. कनातीच्या फटीतून विहीर दिसत होती. बारका दोर ओढत होता, अंग मागे टाकून, एकेक हात. आत साल्का काडी मोडून तिचे तुकडे तोंडात घालत होती. झैदा तिच्याकडे बघत होती. मुनिनाकडे नाही, तेस्लेमकडे नाही.

गाडी चालू असल्याचा आवाज लांबून येत होता.

"मला दे, आई," मुनिना म्हणाली.

"काय देऊ?"

"साल्का."

"कुणाची साल्का?"

"तुझी."

"ऐकलं ना गं सगळ्यांनी?"

"ऐकलं, ऐकलं," मावश्या म्हणाल्या.

"घेऊन जा. आणि तिसरा पेला घेतल्याशिवाय उठू नका, शकुन नाही तो."

तिसरा पेला मुनिनानं घेतला. गोड होता, तिसरा नेहमीच सगळ्यात गोड असतो. तो संपेपर्यंत झैदा साल्काला उचलून तंबूच्या बाहेर गेलीही होती.

ते ‘मला दे’ मुनिनानं साल्कासाठी म्हटलं, की आईच्या दारात शिपाई येऊ नयेत म्हणून? उठताना तिनं स्वतःला विचारलं. दोन्ही उत्तरं एकदमच पुढे आली आणि एकाला दुसऱ्यापासून सोडवता येईना.

*

"कशी दिली?" जिद्दूनं विचारलं. गाडी वाळूत डोलत चालली होती. मुनिना पुढे होती, सिदाती मांडीवर. मागे झैदा आणि साल्का.

"मागितली मी."

जिद्दूनं गिअर बदलला. "चारचौघींसमोर?"

"हो."

"बरं." त्यानं काच खाली केली, थुंकला, काच वर केली. "एक पोर तर आली," तो म्हणाला, पण ते तिच्याशी नव्हे, रस्त्याशी बोलल्यासारखं.

मागे साल्का रडायला लागली होती. अनोळखी बाईनं उचलून नेल्यावर मूल रडतं तसं, हातपाय झाडत. झैदा काही समजावत नव्हती. तिनं नुसतं छातीवरचं कापड बाजूला केलं आणि थांबली. साल्कानं तोंड फिरवलं. परत रडली. मग रडता रडताच तिचं नाक छातीला लागलं, ती थबकली, आणि एकदम तोंडात धरून ओढायला लागली, जोरात, रागावल्यासारखी. झैदाच्या तोंडून "आह्" निघालं.

मुनिना मागे वळून बघत होती. बघायचं नव्हतं तरी.

"आटू दिलं नाही मी," झैदा म्हणाली.

"काय?"

"दूध. आठ-दहा दिवस कुणी ओढलं नाही तर आटतं. ती आली असती आणि माझ्यापाशी नसतं तर? म्हणून तुझ्या बाळाला घ्यायची."

मुनिनाला समजायला जरा वेळ लागला. "म्हणजे तू... मला वाटलं होतं..."

"काय वाटलं होतं?"

काय सांगणार? त्या दुपारी ती चप्पल हातात घेऊन अंगणात गेली होती ते? छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं खरं, अगदी क्षणभर. झैदा सेवा करत नव्हती. तिनं सिदातीला आपल्या कामाला लावलं होतं. पण ते ओझं उतरता उतरताच पुन्हा येऊन बसलं. हे मुनिनाला ठाऊक कुठे होतं? तिनं तर ते चोरी समजूनच घेतलं होतं, रोज, आणि घेत राहिली होती. माल चोरीचा नव्हता असं मागाहून कळलं म्हणून चोराचा साव होत नाही. आणि साधा प्रश्न, "झैदा, तू का पाजतेस?" तेवढा विचारला असता तर महिना वाचला असता. साल्कानं आईला ओळखलं असतं.

"विचारायला हवं होतं मी," ती म्हणाली.

"हो," झैदा म्हणाली.

सिदाती जागा झाला. वास आला असावा. मागच्या बाजूला हात करून कुरकुरायला लागला. मुनिनानं त्याला खांद्यावर घेतलं, थोपटलं, पण तो मागेच झेपावत होता. झैदानं त्याच्याकडे एकदा बघितलं आणि साल्काच्या भादरलेल्या डोक्यावर मलह्फा ओढून घेतला.

"आता त्याचं तू बघ, लाल्ला."

"हो."

"मी मास्तरांच्या बहिणीकडे राहीन. त्यांनी विचारलं होतं मला मागेच."

मुनिनानं जिद्दूकडे बघितलं. तो समोर बघत होता.

"आणि बारकाला कधी?" झैदानं विचारलं.

'लवकर' हा शब्द ओठांवर आला होता. मुनिनानं तो गिळला. मग तिनं सगळं सांगितलं, मागे न बघता. आईनं काय म्हणायला लावलं, त्यानं काय झालं, आता तिच्या साक्षीचा उपयोग का नाही, आणि बारकाला सोडवायची दुसरी वाट तिला दिसत नाही हेही. सिदाती कानाशी किंचाळत होता, त्यामुळे तिला ते मोठ्यानं सांगावं लागलं.

सिदाती दम घ्यायला थांबला की मागून साल्काचं चोखणं तेवढं ऐकू येत होतं.

"आत शिरण्याआधी तुला माहीत होतं हे?" झैदानं शेवटी विचारलं.

"होतं."

"मग तिथे मला का नाही विचारलंस? मीही उभी होते की तंबूत."

मुनिनानं कापड बाजूला करून सिदातीला छातीशी धरलं. त्यानं ओढलं, सोडलं, परत ओढलं, आणि तोंड वासून रडायला लागला. जिद्दूनं गाडी कडेला घ्यायची का, असं विचारलं. ती म्हणाली, नको, चालू दे. तिनं सिदातीला दुसऱ्या बाजूला लावलं.